माठ आणि विहीर : भूस्रोत हीट पंपाची ओळख करून देताना

पौषातल्या पहाटे पेठ गावच्या पठारावर बोअरची मोटर सुरू केली की पाइपातून पडणाऱ्या पाण्याला वाफा येतात. कानाला मफलर गुंडाळलेला असतो, बोटे आखडलेली असतात, आणि त्या धारेखाली हात धरला की बरे वाटते. वैशाखात त्याच धारेखाली डोके धरावेसे वाटते, कारण आता ती गार लागते. घरातली वडीलधारी माणसे सांगत, विहिरीला ऋतू उलटे कळतात. पण पाण्यात थर्मामीटर धरला तर दोन्ही वेळा पारा जवळजवळ एकाच जागी, पंचविशीच्या आसपास असतो. पाणी तेच राहते. बदलते ती वरची हवा, आणि आपली कातडी हवेच्या मानाने पाण्याचा न्याय करते.

या पुस्तिकेचा सगळा विषय त्या एका निरीक्षणावर उभा आहे. जमिनीच्या वरच्या हातभर थरात दिवस-रात्रीचा फरक जिरतो. साधारण दहा मीटरच्या खाली उन्हाळा-हिवाळ्याचा फरकही जवळपास संपतो, आणि उरते ती त्या गावाच्या वर्षभराच्या हवेची सरासरी. पुणे जिल्ह्यात ती पंचविशीच्या जवळ आहे. बाहेर चाळीस असो की नऊ, खालचा कातळ आपल्या जागेवरून हलत नाही. व्यापारी इमारतींना, म्हणजे हॉटेल, दवाखाना, मंगल कार्यालय, दूध शीतकरण केंद्र, पतसंस्था यांना लागणारा गारवा आणि ऊब या न हलणाऱ्या कातळाच्या आधाराने घेता येते का, आणि आंबेगाव-जुन्नरच्या जमिनीत ते परवडेल का, हे तपासण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. मी हा विषय मनापासून महत्त्वाचा मानतो. म्हणूनच त्यातल्या अडचणी पहिल्याच पानांवर मांडणार आहे.

ही कल्पना परक्या देशातून आली असे मानायचे कारण नाही. जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरीच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ती खोदली त्यांचे कारण धर्माचे आणि वर्षावासाचे होते, हवामानशास्त्राचे नव्हते. तरी एप्रिलच्या दुपारी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून आत पाऊल टाकले की अंगावरून जो गारवा फिरतो तो कातळाच्या जाडीचा आहे. बारवेत उतरताना पायरीपायरीला हवा बदलते, तेही त्याच कारणाने. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे असत. अरुंद तोंडाची, आत फुगलेली. त्यात हळद वर्षानुवर्षे टिके, कारण आत ना ऊन ना वारा, आणि तापमान एकसारखे. २००५च्या महापुराने त्यातली पुष्कळ पेवे निकामी केली. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मात्र भाषेत राहिला. पेव आणि लेणे यांत माणसाला किंवा मालाला जमिनीत जावे लागते. आता प्रश्न आहे तो जमिनीचे तापमान इमारतीत आणण्याचा.

इथे पंप येतो, आणि त्याचे नाव नेमके आहे. आपल्याकडे ज्याने एकदा तरी मोटर विकत घेतली आहे त्याला ‘हेड’ हा शब्द शिकवावा लागत नाही. पाणी किती फूट उचलायचे त्यावर किती अश्वशक्तीची मोटर लागेल ते ठरते. हेड वाढले की तेवढ्याच पाण्याला वीज जास्त लागते. हीट पंप उष्णतेच्या बाबतीत हेच करतो. पाणी जसे आपणहून उताराकडे वाहते तशी उष्णता आपणहून गरमाकडून गाराकडे जाते. तिला उलट दिशेने, गार खोलीतून गरम बाहेरच्या बाजूला न्यायचे तर उचलावे लागते. घरातला फ्रिज हेच करतो, म्हणून त्याची पाठ गरम असते. खिडकीबाहेर टांगलेले एसीचे युनिट हेच करते. किती अंशांची चढण चढायची, तेच त्याचे हेड.

मे महिन्यात हवा चाळीस अंशांवर असताना त्या युनिटला उष्णता पन्नाशीच्या पुढे न्यावी लागते, तेव्हा कुठे ती बाहेरच्या हवेत सुटते. तीच उष्णता जमिनीत पुरलेल्या नळ्यांतल्या बत्तीस अंशांच्या पाण्याला द्यायची असेल तर अडतीस-चाळीसपर्यंत नेली तरी भागते. आतले थंड पाणी सात अंशांवर धरले, तर पहिल्या ठिकाणी चढण पंचेचाळीस अंशांची आणि दुसऱ्या ठिकाणी एकतीस ते तेहेतीसची. आकडे ढोबळ आहेत, पण एकतृतीयांशाच्या जवळपास हेड कमी झाले हे त्यांतून दिसते, आणि विजेचे बिल साधारण त्याच बाजूला झुकते. हिवाळ्यात झडप उलट फिरवली की तोच पंप जमिनीतली ऊब उचलून खोलीत आणतो. जमिनीत यंत्र काहीच नसते. असतात फक्त काळ्या प्लास्टिकच्या यू आकाराच्या नळ्या, आणि त्यांत फिरणारे तेच ते पाणी.

नावाविषयी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. ‘भूऔष्णिक’ म्हटले की आपल्याला वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ, उन्हवरे आठवतात, म्हणजे खोलवरून तापून आलेल्या पाण्याची कुंडे. तो विषय वेगळा. इथे पृथ्वीच्या पोटातली आग वापरायची नाही. शंभर मीटर खाली गेल्याने दोन-तीन अंशांचा फरक पडतो, तोही गारव्यासाठी गैरसोयीचा. जमीन इथे उष्णतेची खाण म्हणून उपयोगी पडत नाही, ती कोठार म्हणून उपयोगी पडते. उन्हाळ्यात ठेवायचे, हिवाळ्यात काढायचे. म्हणून मी ‘भूस्रोत’ हा शब्द नाइलाजाने वापरतो आणि ‘कोठार’ हा मनातून.

यंत्राचा इतिहास थोडक्यात असा. १८५०च्या दशकात ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी मिठागरातली वाफ पुन्हा वापरण्यासाठी पहिला कामाचा हीट पंप केला. जमिनीतून उष्णता घेण्याच्या कल्पनेचे पेटंट १९१२ साली स्वित्झर्लंडमध्ये हाइनरिख झोली यांना मिळाले. व्यापारी इमारतीत ती १९४८ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या इक्विटेबल बिल्डिंगमध्ये गाजली. काच आणि ॲल्युमिनियमने मढवलेली ती इमारत विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या हीट पंपाने गार आणि उबदार ठेवली जाई. काच-ॲल्युमिनियमचा तो पोशाख आज पुणे-नाशिक रस्त्याकडेच्या संकुलांनीही घातला आहे, मात्र त्यामागची विहीर न घेता.

याचा त्रास मला रोज दिसतो. पेठ-अवसरी घाट चढून आले की दोन्ही बाजूंना पश्चिमेला तोंड केलेल्या काचा, सपाट उघडा स्लॅब, आणि मागच्या भिंतीवर टांगलेल्या युनिटांची रांग, एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडात. जुन्नरच्या जुन्या वाड्यांत जाड भिंती, माळवद आणि ओसरी होती. ती मंडळी गारवा विकत घेत नव्हती. म्हणून पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणात पंप नाही, सावली आहे. स्लॅबवर उष्णतारोधक थर, पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जा, आणि काच कमी. त्याने भार निम्म्याच्या जवळ येऊ शकतो. जो हे करणार नाही त्याने बोअर मारू नयेत, कारण फुटकी बादली भरायला मोठी मोटर घेण्यासारखे ते होईल.

आता माठ आणि विहीर. मोठ्या इमारती आणि शीतगृहे उष्णता टाकण्यासाठी बहुधा कूलिंग टॉवर वापरतात. टॉवर म्हणजे मोठा माठच. पाणी पाझरते, वाऱ्याने उडते, आणि उरलेले गार होते. कोरड्या मे महिन्यात माठ उत्तम चालतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर पेठेच्या कोरड्या उन्हाळ्यात टॉवरचे पाणी पंचविशी आणि तिशीच्या दरम्यान मिळते, म्हणजे जमिनीइतकेच गार, कधी थोडे अधिकही. टॉवरच्या तुलनेत जमीन विजेत फार काही जिंकत नाही. भिंतीवरच्या युनिटांच्या तुलनेत जिंकते.

पण माठ पाणी पितो. एक टन क्षमतेच्या यंत्राची उष्णता टॉवरवर टाकायची तर तासाला सुमारे सहा-साडेसहा लिटर पाणी हवेत जाते. वीस टनांची यंत्रणा दहा तास चालली तर रोज तेराशे लिटर, आणि क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावे लागते ते वेगळे. आठवड्याला दहा-बारा हजार लिटरचा एक टँकर. पेठ हे सातगाव पठारावरचे गाव आहे. या पठाराचा बटाटा पावसाच्या भरवशावर येतो, आणि कळमोडी धरणाच्या पाण्याची मागणी इथे पिढ्या बदलल्या तरी चालू आहे. ज्या गावात उन्हाळ्यात हंडे रांगेत लागतात तिथे एखाद्या हॉटेलच्या गारव्यासाठी आठवड्याला टँकरभर पाणी उडवणे मला मान्य होत नाही. बंद नळ्यांतले पाणी एकदा भरले की पुन्हा भरावे लागत नाही. माझ्या लेखी या तंत्राचा इथला सर्वांत मोठा गुण हा आहे, आणि परदेशी पुस्तकांत तो तळटीपेतही क्वचित सापडतो, कारण ती पुस्तके पाणी असलेल्या थंड गावांसाठी लिहिलेली आहेत.

विहिरीतलेच पाणी उपसून, यंत्रातून फिरवून पुन्हा सोडले तर स्वस्त पडेल, असे कोणी सुचवील. पोर्टलंडला ते चालले. पठारावरच्या विहिरी नेमक्या ज्या महिन्यात गारवा हवा त्याच महिन्यात तळ दाखवतात. शेततळ्यात नळ्या सोडण्याचा विचारही करून पाहिला. पण उथळ तळे उन्हात तापते आणि आपण टाकलेली उष्णता पुन्हा पाणी उडवूनच बाहेर काढते. म्हणजे फिरून माठच. राहतो तो उभा, बंद बोअर.

आपल्या देशातले सर्वांत चांगले नोंदलेले उदाहरण दिल्लीचे आहे. जोरबागेतले इंदिरा पर्यावरण भवन, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची इमारत, फेब्रुवारी २०१४मध्ये खुले झाले. त्याच्या आवारात ८० मीटर खोलीचे १८० बोअर आहेत, दोन बोअरांत किमान तीन मीटर अंतर, प्रत्येकात ३२ मिलिमीटरची यू नळी, आणि मोकळी जागा बेंटोनाइट मातीच्या गाऱ्याने भरलेली. एका बोअरमागे ०.९ टन, सगळे मिळून १६० टन उष्णता टॉवरशिवाय जमिनीत जाते. हे सरकारी बांधकाम खात्याने केलेले काम आहे, प्रयोगशाळेतला नमुना नव्हे, म्हणून मी त्याला महत्त्व देतो.

ते माप आपल्याकडे लावून पाहू. हमरस्त्यावरचे एक मध्यम हॉटेल, गारव्याचा भार वीस टन. यंत्राची स्वतःची उष्णता धरून जमिनीत टाकायचे सुमारे पंचवीस टन. दिल्लीच्या मापाने २८ बोअर, प्रत्येकी २६२ फूट, मिळून सात हजार तीनशे फुटांच्या वर. फुटाचा आजचा दर या भागात लहान मुलालाही पाठ आहे, गुणाकार वाचकाने स्वतः करावा. रक्कम मोठी येते. यंत्राच्या किमतीने कोणी घाबरत नाही, बोअरच्या किमतीने घाबरतो, आणि ते घाबरणे रास्त आहे. शिवाय तीन मीटरचे अंतर मला आपल्यासाठी अपुरे वाटते. सहा मीटर धरले तर सहा गुणिले पाचच्या मांडणीला तीस मीटर बाय चोवीस मीटर जागा, म्हणजे सात गुंठे. त्यावर नंतर गाड्या लावता येतात, हिरवळही करता येते, पण खोल पाया खणता येत नाही.

सहा मीटर का, याचे उत्तर या विषयाच्या सर्वांत नाजूक जागी आहे. स्वीडनमध्ये किंवा अमेरिकेतल्या इंडियानात (तिथल्या बॉल स्टेट विद्यापीठाने कोळशाचे बॉयलर बंद करून सुमारे ३,६०० बोअरांवर सगळा परिसर नेला) हिवाळा खरा असतो. उन्हाळ्यात ठेवलेली उष्णता हिवाळ्यात काढली जाते, खाते जुळते. पेठेत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो खरा, पण ऊब हवी असते ती थोडे आठवडे, थोडे तास. गारवा हवा असतो तो आठ महिने. कोठारात ठेवणे जास्त आणि काढणे कमी झाले तर कातळ दर वर्षी थोडा थोडा तापत जातो. पहिल्या वर्षी पंचवीस, काही वर्षांनी तीस, आणि मग जे हेड वाचवायला एवढे बोअर मारले तेच हातून निसटते. घाईने केलेली यंत्रणा पहिल्या उन्हाळ्यात छान चालते आणि सातव्या उन्हाळ्यात बदनाम होते. बदनामी मग तंत्राची होते, हिशेबाची होत नाही.

खाते जुळवायचे तर काढण्याची सोय हवी, आणि ती ऊब विकत घेणारे गिऱ्हाईक इमारतीतच असले पाहिजे. इथे आपला तालुका भाग्यवान आहे. दुधाचा धंदा पाहा. मंचर परिसरात दूध मोठ्या प्रमाणावर गोळा होते. धारोष्ण दूध पस्तीस अंशांवरून चार अंशांवर आणायचे, आणि पाश्चरीकरण करताना तेच बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद धरायचे. शिवाय कॅन, टाक्या, नळ्या गरम पाण्याने धुवायच्या. एका हाताने उष्णता काढून हवेत उडवायची आणि दुसऱ्या हाताने इंधन जाळून ती पुन्हा तयार करायची, हे आपण रोज करतो. हीट पंप या दोन हातांची गाठ घालून देतो. धुण्याच्या पाण्यापुरती आणि बहात्तरच्या आधीच्या तापवणीपुरती उष्णता दुधातूनच मिळते, जमिनीत जाते ती फक्त उरलेली. दवाखान्यात चादरी आणि उपकरणे, लॉजमध्ये आणि मंगल कार्यालयात आंघोळीचे पाणी, पश्चिमेकडच्या आश्रमशाळांत मुलांच्या आंघोळीचे पाणी. आषाढात भीमाशंकरच्या बाजूला आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही, छतावरचे सोलर बंब थंड पडतात, आणि गरज तेव्हाच असते. खरे तर नुसत्या गरम पाण्यासाठी हवेतून उष्णता घेणारा साधा हीट पंपही पुरेल, बोअरची गरज नाही. हे मी बोअरच्या पुस्तिकेत मुद्दाम लिहितो आहे.

उलट पतसंस्था, बँक, दिवसा चालणारी कार्यालये यांना गरम पाणी लागतच नाही. त्यांनी सगळी उष्णता जमिनीत टाकण्याचा हट्ट धरू नये. अर्धा भार जमिनीवर, आणि मे महिन्याचा चढा भाग साध्या युनिटवर, अशी जोडी बसवली की बोअरही निम्मे लागतात आणि कातळाला श्वास घ्यायला जागा मिळते.

बटाट्याचे शीतगृह हा मोहात पाडणारा विषय आहे. पठारावर बियाणे पंजाबातून मंचरच्या बाजारात येते. बियाणे दोन-चार अंशांवर ठेवतात. पण शीतगृह रात्रंदिवस एकाच दिशेने उष्णता टाकते, हिवाळा त्याला माहीत नाही. कोठार सर्वांत लवकर भरेल ते इथे. शेजारी दूध केंद्र किंवा बटाटा धुणे-सुकवणे असेल तरच विचार करावा, असे माझे मत आहे.

आता कातळ. दख्खनचा बसाल्ट ग्रॅनाइटइतकी उष्णता वाहून नेत नाही, ढोबळ मानाने निम्मी. म्हणजे स्वीडनच्या पुस्तकातले फूट इथे चालत नाहीत, ते वाढतात. आणि आपला बसाल्ट एकसारखाही नाही. बोअरच्या गाडीवाल्याला विचारा, तो सांगेल : वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्ये कुठे गेरूचा पट्टा, की पुन्हा मांजऱ्या. घट्ट काळा पाषाण उष्णता बऱ्यापैकी नेतो. मांजऱ्याच्या पोकळ्यांत हवा असेल तर तो रजईसारखा वागतो, पाणी असेल तर चांगला वागतो, आणि ते पाणी वाहते असेल तर आपली साचलेली उष्णता वाहूनही नेतो. एकाच वावरातले दोन बोअर त्यामुळे वेगळे निघतात. जमिनीच्या उष्णतेविषयी या भागात सर्वांत जास्त जाणणारी माणसे बोअरच्या गाडीवर आहेत, आणि त्यांच्या तोंडची थरांची नोंद आपण लिहून ठेवत नाही याची मला खंत वाटते. १९७२च्या दुष्काळात सुरू झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभर निरीक्षण विहिरींची पाणीपातळी मोजत आली आहे. त्याच दोरीला एक थर्मामीटर बांधला तर काही वर्षांत महाराष्ट्राच्या जमिनीच्या तापमानाचा नकाशा तयार होईल.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००९चा महाराष्ट्र भूजल अधिनियम ६० मीटरहून खोल विहिरींवर बंधने घालतो. आपला बोअर पाण्याचा थेंबही उपसत नाही, पण रात्री गाडी लागली आणि अठ्ठावीस भोके पडली तर गाव विचारणारच. परवानगीचे बोलणे गाडी बोलावण्याआधी आणि ग्रामपंचायतीत उघडपणे झाले पाहिजे. बेंटोनाइट भरण्यात कसूर झाली तर वरच्या थरातले पाणी बोअरवाटे खाली झिरपून शेजाऱ्याची विहीर आटू शकते. नळ्या जमिनीत गेल्यावर हा दोष दिसत नाही, दुरुस्तही करता येत नाही. म्हणून गारा भरताना मालकाने स्वतः उभे राहावे.

सुरुवात एका बोअरपासून करावी. अठ्ठावीसपैकी पहिला मारावा, नळी सोडावी, भरून घ्यावा, आठवडाभर थांबून आतल्या पाण्याचे तापमान नोंदवावे. मग त्यात ठरलेल्या वॅटने तापवलेले पाणी सलग दोन-तीन दिवस फिरवावे आणि जाता-येताचे तापमान दर काही मिनिटांनी लिहावे. पाणी किती वेगाने तापते त्यावरून तो कातळ किती उष्णता घेतो ते कळते, आणि बाकीचे सत्तावीस लागतील, चाळीस लागतील, की मुळीच नकोत, हे त्या वहीवरून ठरते. वही नकार देत असेल तर तो बोअर साध्या निरीक्षणासाठी ठेवावा आणि पैसे छताच्या सावलीवर घालावेत. ती वही कशी ठेवायची, कोणते रकाने पाडायचे, ते पुस्तिकेत पुढे दिले आहे.